काकांचा मासा, काकूंचं नाक

आदिलाबादला मी खोली शोधत होतो तेव्हा प्रत्येक घरमालकानं आधी माझी जात विचारली, मग पगार. बाबाराव काकांनी मात्र चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "मास्तर, मासे खाता काय?"

"खातो."

"कोन्या देशाचे?"

माझं लहानपण बाजारहत्नूरला गेलेलं. तळ्याचे आणि नदीचे, एवढ्या दोनच जाती मला ठाऊक. मी म्हणालो, "तळ्याचे." काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि वरच्या खोलीची किल्ली हातात दिली. "मंग तुमचं लय शिकनं बाकी हाये."

काकांचं कापूस बाजाराजवळ लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे. दुकान बंद करून आले की ते परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचे. तिथं गॅसची शेगडी होती आणि रंगाच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. त्यात कुठल्या तरी देशाची बाई किंवा बुवा मासा शिजवत असे. एकदा व्हिडिओ कोरियन भाषेत होता. मी विचारलं, "काका, हे कळतं तुम्हाला?"

"भाषा नाई समजत. हात समजते."

खवले ते दुकानातल्या कोऱ्या तारेच्या ब्रशनं काढायचे आणि तुकडे टेपनं मोजायचे. आदिलाबादहून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र लांबच, त्यामुळे जगातल्या सगळ्या माशांची कामं इथं रोहू आणि मरळ करायचे. मी एकदा शंका काढली, तर म्हणाले, "मासा मासाच राह्यते, मास्तर. पासपोर्ट मानसाले लागते."

शेड परसात असण्याचं कारण विमलकाकू. त्यांचं माहेर शाकाहारी. लग्नातच त्यांनी अट घातली होती की मासा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. भांडी वेगळी, घासणी वेगळी, घासणारे काकाच. काकू पदर नाकाला लावून मागच्या दारात उभ्या राहायच्या आणि तिथून जगाचा समाचार घ्यायच्या. नॉर्वेच्या माशात काकांनी शेपू घातला तेव्हा त्या म्हणाल्या, "शेपू तं मीबी करतो. थ्याच्यासाठी नॉर्वेले काऊन जा लागते?"

एका रविवारी काकांनी खालून हाक मारली, "मास्तर, आज पेरूचं हाये." मी फळाची कोशिंबीर समजून खाली गेलो. ताटलीत लिंबाच्या रसात पडलेला कच्चा मासा होता. पेरू नावाच्या देशात तो तसाच खातात म्हणे. "लिंबानं शिजते थो," काका म्हणाले. मी घास हातात धरून देवाचं नाव घेत होतो, तेवढ्यात दारातून काकूंचा आवाज आला, "लेकराले दवाखान्यात धाडता काय? ठेवा थे शेगडीवर." पेरूचा मासा शेवटी आदिलाबादच्या रश्श्यात गेला. छान झाला होता.

मग एका हिवाळ्यात काकांना जोराचा ताप आला. ताप उतरला, पण त्यानंतर पहिल्यांदा शेडमध्ये गेले तेव्हा त्यांनी लसूण काळाठिक्कर जाळला आणि तसाच मला वाढला. मी पाणी पीत राहिलो. काकांनी माझं तोंड पाहिलं, ताटली नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"नाकाचा फ्यूज उडाला, मास्तर," ते म्हणाले.

वास गेला तशी चवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित नाहीही येणार. काकांनी शेगडीवर पोतं टाकलं. दुकानात गिऱ्हाइकानं बिजागरी मागितली तर कडी काढून द्यायचे. ताटात पडेल ते मुकाट्यानं खायचे, आणि काकूंनी मुद्दाम वरणात मीठ घातलं नाही तरी "चांगलं हाये" म्हणायचे. त्या "चांगलं हाये"नं काकू हादरल्या. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "हा मानूस माया सैपाकाले कदी चांगलं म्हनत नव्हता."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर फाटकात ऑटो थांबत होता. काकू उतरल्या. हात लांब ताणलेला, त्यात पिशवी, तोंड दुसरीकडे. त्या सरळ काकांपुढे गेल्या आणि पिशवी फरशीवर ठेवली.

"काय हाये हे?" काका म्हणाले.

"मले काय मालूम. बाजारातून आनलं. ताजं हाये म्हने."

पिशवी हलली. मग उडी मारून पलटली आणि तिच्यातून हातभर मरळ बाहेर आली. पाण्याबाहेरही बराच वेळ जगते ती. काकू किंचाळून खाटेवर चढल्या, मी दाराकडे धावलो, आणि कित्येक दिवस दुकानातून आल्यावर खुर्चीतून न उठलेले काका गुडघ्यांवर रांगत तिच्यामागे कपाटाखाली शिरले. बाहेर आले ते धुळीनं माखून, मासा छातीशी धरून.

"आवं, पन मले वास येत नाई," ते तिथंच बसून म्हणाले.

"मले येते ना," काकू खाटेवरून म्हणाल्या. "इतकी वर्सं थोच तं सोसला. तुमी करा, मी सांगतो."

त्या दिवसापासून काकू शेडच्या दारात स्टूल टाकून बसू लागल्या. नाकावरचा पदर खाली आला. लसूण झाला, काढा. कांदा कच्चा हाये. नारळाचं दूध फाटून राह्यलं. घास मात्र त्यांनी कधी घेतला नाही, आणि काकांनीही कधी आग्रह केला नाही. काकांचा वास परत आला नाही. पण आता काकूच विचारायच्या, "थ्या थायलंडचं कदी करता?"

माझी बदली झाली तेव्हा त्यांनी मला निरोपाचं जेवण दिलं. स्पेनचा भात, झिंगे घातलेला. त्या भाताची तळाची खरपुडी मुद्दाम लागू देतात, असं काका सांगत होते.

"जळून राह्यलं. उतरवा."

"आवं, स्पेनमंदी असंच करते."

"स्पेनच्या नाकाचं मले सांगू नका. उतरवा म्हनलं ना."

काकांनी भांडं उतरवलं. मला वाढलं. दोघंही माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. भात अप्रतिम होता, खरपुडी नेमकी बदामी. मी तसं सांगितलं, आणि मास्तरकीच्या सवयीनं पुढे म्हणालो, "मीठ तेवढं थोडं कमी आहे."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर सावरला.

"मिठाले वास राह्यत नाई," त्या म्हणाल्या. "थ्यात माया काय दोष?"