आधी रिकामा दाखव

भाजीवालीने तागडी उचलली की आमचे शिंगाडे साहेब एक पाऊल पुढे सरकत आणि म्हणत, “आधी रिकामा दाखव.” मग ती बिचारी वांगी टोपलीत परत टाकून रिकामा काटा धरून उभी राही. साहेब वाकून पारड्याच्या बुडाला बोट लावून बघत. तिथे चिंचेचा गोळा चिकटवून ठेवायची युक्ती त्यांना ठाऊक होती. काही सापडलं नाही की त्यांचा चेहरा पडायचा. खरा माणूस भेटल्याचा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नाही. या वेळी कुठे लपवलंय, एवढाच प्रश्न तिथे असायचा.

ते वजनमापे तपासणारे निरीक्षक आणि मी त्यांच्या कार्यालयात कारकून. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. दुकानांतले, आडतीवरचे काटे खरे आहेत की नाहीत हे सरकारी प्रमाण वजनं ठेवून तपासायचं, हे आमचं काम. पण साहेबांचा संशय कार्यालय सुटल्यावर सुटत नसे. मी या कार्यालयात बदली होऊन आल्याचे पेढे वाटले तेव्हा त्यांनी आधी रिकाम्या खोक्याचं वजन विचारलं. “खोकं पेढ्याच्या भावानं इकतेत बाई, तुमाला कळत नाय,” असं म्हणून मग पेढा तोंडात टाकला. राग यायचा, आणि घरी गेल्यावर मीही खोकं हातात धरून बघायची.

हा संशय कुठून आला ते त्यांनीच एकदा सांगितलं होतं. घर कन्नडच्या पुढे घाटाच्या अंगाला, वडील मेंढपाळ. व्यापारी यायचे, मेंढराच्या कमरेवर दोन बोटं दाबून चरबी चाचपायचे आणि तोंडाला येईल ते वजन सांगायचे. “माझ्या बापानं जन्मात काटा पाह्यला नाय. व्यापारी म्हनल तेवढं मेंढरू. तवाच ठरवलं, काट्याचीच नोकरी करायची.” हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा.

साहेबांनी कधी पैसे खाल्ले नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. खाल्ली ती भजी. कुठल्याही आडतीवर गेले की समोर चहा, कचोरी, जिलबी हजर. नाही म्हटलं तर कामं अडतात, आणि चहाफराळाला लाच कोण म्हणतं? एका दिवसात सात-आठ दुकानं, प्रत्येक ठिकाणी एक बशी, मधल्या वेळात जीप. पंचवीस वर्षांच्या नोकरीत पोट असं सुटलं की शर्टाची खालची दोन बटणं नावापुरतीच उरली. कार्यालयाच्या दारातच मोठा काटा होता, पण त्यावर ते कधी उभे राहिले नाहीत. “त्यो मालाचा हाय, मानसाचा नाय,” म्हणायचे.

आणि एके दिवशी साहेबांनी कचोरी नाकारली.

बाजारात ही बातमी आमच्या जीपच्या आधी पोचली. साहेब खात नाहीत म्हणजे मनात दुसरं काहीतरी आहे, असा व्यापाऱ्यांनी अर्थ लावला. कुणी म्हणालं, वरून पथक येतंय. कुणी म्हणालं, साहेबांना आता फराळ पुरत नाही. त्या आठवड्यात आडतीवरच्या यच्चयावत काट्यांची दुरुस्ती झाली, दुरुस्तीवाल्याला जेवायला सवड मिळेना.

मग साहेबांनी जीपही सोडली. जाधववाडीच्या बाजारापासून गुलमंडीपर्यंत साहेब उन्हात पायी, आणि मागून रिकामी जीप गोगलगायीसारखी. वीस-वीस किलोची लोखंडी वजनं उचलून दुकानात न्यायची हे आमच्या रौफ शिपायाचं काम. तीही साहेब स्वतः उचलायला लागले. रौफने दोन दिवस हे पाहिलं, तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला. “बाई, सच बोलो. मेरी नौकरी गई क्या?” मी म्हटलं, अरे तसं काही नाही. त्याला ते पटलं नाही. त्याने मेव्हण्याला दुसरीकडे शब्द टाकायला सांगून ठेवलं.

पहाटे हर्सूल तलावाच्या बाजूला ते पळतात, असंही कुणीतरी पाहिलं होतं. पळणं कसलं, धापा टाकत फरफटणं. दुपारच्या डब्यात एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकी, कांदा. माझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीकडे बघत भाकरी सावकाश चावत राहायचे. कामं तर तेवढीच होती. तपासण्या, कोर्टाच्या तारखा, वरिष्ठांचे दौरे. त्यातूनच ते चालणं काढत. वरच्या साहेबांच्या बंगल्यावर बोलावणं आलं तरी पायी, बँकेत पायी. जिना दिसला की कारण नसताना एकदा चढून उतरत.

मला आधी वाटलं, मधुमेह. मग पट्ट्याला टोच्याने पाडलेली नवी भोकं दिसली, शर्ट शिवून आत घेतलेले दिसले, आणि बुधवारी दुपारी न सांगता गायब होणं सुरू झालं. पन्नाशीला टेकलेला पुरुष अचानक सडपातळ व्हायला लागला की बायकांच्या मनात जे येतं तेच माझ्या मनात आलं. त्यांच्या घरी वहिनींना सांगावं की न सांगावं, या विचारात मी होते. शेवटी एका बुधवारी त्यांच्या खोलीच्या दारातच उभी राहिले.

“साहेब, कुठे जाता हो तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडे रिकामं पारडं तपासावं तसं पाहिलं. मग म्हणाले, “बाई, तुमच्या नणंद त्या मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर हायत ना?”

आणि खुर्चीत बसून सगळं सांगितलं. धाकटा भाऊ सोपान, गावी मेंढरं राखणारा, याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. बुधवारी डायलिसिसला, म्हणजे रक्त धुवायला, त्याला इथे आणत. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळत नव्हता, पोरं लहान. साहेबांचा जुळला. पण डॉक्टरांनी साहेबांकडे पाहून मान हलवली होती. एवढी चरबी आणि एवढा रक्तदाब घेऊन किडनी काढता येणार नाही. ऐंशी किलोवर या, दाब खाली येऊ द्या, मग बघू.

“मग आधीच नाही का सुरू केलंत?” मी सहज विचारलं.

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. “वाटणीपासून आमचं बोलनं नव्हतं. त्यानं बांध माझ्याकडं सरकवला आसं मला वाटायचं. दर पावसाळ्याला जाऊन पावलं टाकून बघायचो. मग त्याच्या बायकोचा निरोप आला, पाय सुजलेत, भावजी या. मला वाटलं, निमित्त हाय. आजार दाखवून हिस्सा मागतेत. म्या निरोप धाडला बाई. म्हनलं, आधी कागद दाखवा. रिपोर्ट दाखवा. त्यात सहा महिने गेले.”

मला त्यांची कीव आली, आणि माझी स्वतःची लाजही वाटली. पण खरं सांगायचं तर सगळ्यात आधी हायसं वाटलं, दुसरी बाई नव्हती म्हणून.

नणंदेकडे त्यांचं काम वेगळंच होतं. हॉस्पिटलातला काटा साहेबांना चौऱ्याऐंशी दाखवत होता, आणि साहेबांचा त्या काट्यावर विश्वास नव्हता. “म्या इतका उतरलोय, पट्टा बघा. काट्यात खोट हाय. आपल्याच कायद्याखाली येतो त्यो, तपासू.” नणंदेने तिथल्या मोठ्या सिस्टरला विचारून परवानगी मिळवली. पुढच्या बुधवारी रिक्षात वीस किलोची चार वजनं घालून आम्ही दोघं गेलो. दारावरच्या वॉचमनला हे काही बरं दिसलं नाही. “साब, लोहा लेके किधर जारे? दवाखाना है ये.” त्याला समजावण्यात माझा घसा बसला.

आत खाटेवर सोपान होता. भावाचाच चेहरा, पण वाळून खारीक झालेला. साहेब वाकले तसा त्याने सुया टोचून काळानिळा झालेला हात उचलला आणि भावाच्या कमरेवर, बरगडीच्या खाली, दोन बोटं दाबली. बापासमोर व्यापारी मेंढराला दाबायचे तशी. साहेब हलले नाहीत.

“लई उतारलास की रं दादा,” तो म्हणाला. “पुरं आता. हाडं लागाया लागली.”

“डॉक्टर म्हनतेत आजून चार किलो.”

“त्याला काय कळतंय चरबीचं?” सोपान हसला. मग हळूच म्हणाला, “बांध म्या नव्हता सरकवला, दादा.”

“ठाव हाय मला,” साहेब म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हतं. पण ते तसं म्हणाले.

मग आम्ही काट्याकडे गेलो. साहेबांनी सवयीने आधी रिकामा काटा पाहिला. शून्यावर होता. गुडघे टेकून बुडाखाली हात घातला. काही नव्हतं. एक वजन ठेवलं, दुसरं, तिसरं, चौथं. काटा ऐंशीवर जाऊन थांबला. त्यांनी वजनं उतरवली, पुन्हा ठेवली, कोपऱ्यांवर सरकवून पाहिली. पुन्हा ऐंशी. उभ्या नोकरीत मी त्यांना खोटा काटा धरताना शेकडो वेळा पाहिलं होतं. पण काटा खोटा निघावा म्हणून देवाचं नाव घेताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“खरा हाय,” ते म्हणाले आणि तिथेच वजनावर बसले.

त्यानंतर ते जेवले किती आणि चालले किती हे मला सांगता येणार नाही. वहिनी घाबरून मला फोन करायच्या. पण चरबीला माणसाची घाई कळत नाही. ऐंशी झाले त्या बुधवारी ते हॉस्पिटलात जाऊन स्वतः काट्यावर उभे राहिले, सिस्टरला आकडा मोठ्याने वाचायला लावला. सोपान त्याच्या आदल्या रविवारी गेला होता. तरी ते का गेले, हे मी विचारलं नाही. रौफही विचारायला आला नाही. त्याने फक्त दुसऱ्या दिवशी आडतीवर जीपमधून वजनं काढली आणि साहेबांच्या हाती लागू न देता आत नेली.

पुढे साहेब निवृत्त झाले. वजन पुन्हा कधी चढू दिलं नाही. कुणी तब्येतीचं कौतुक केलं की मान खाली घालत. मध्ये एकदा औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत दिसले. हातात पिशवी, अंगात सैल शर्ट. मी मागेच उभी होते. जुन्या भाजीवालीने त्यांना ओळखलं आणि न सांगताच वांगी बाजूला ठेवून रिकामी तागडी वर धरली.

“बघा साहेब. आधी रिकामा.”

साहेबांनी तागडीकडे पाहिलंच नाही. पिशवीचं तोंड उघडून तिच्यापुढे धरलं.

“टाक, मावशी,” ते म्हणाले. “तू म्हनशील तेवढं.”

ती तशीच तागडी धरून उभी राहिली. तिला वाटलं असावं, साहेबांच्या मनात काहीतरी दुसरं आहे.