साडूंची निवटी

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या साडूंनी कधी मनावर घेतली नाही. सेलूजवळच्या वालूरला त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली निम्मी तरी खाऱ्या पाण्यात काढली. दुधना नदीला पाणी कधी येईल हे त्यांच्या वर्गातल्या पोरांना सांगता येत नसे. पण खारफुटीची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर का येतात, हे ती झोपेतसुद्धा सांगत.

साडू पक्के माळकरी. तरी आठवडी बाजारात मासेवालीच्या पाटीपुढे उकिडवे बसायचे, एखाद्या माशाचा कल्ला उचलून आत बघायचे आणि आलेल्या गिऱ्हाइकाला अडवायचे. "पाठ काळी न् पोट पांढरं कशामुळं? वरून बघणाऱ्या पाखराला तळ दिसावा, खालून बघणाऱ्याला आभाळ." गिऱ्हाईक निघून जाई. एकदा मासेवाली म्हणालीच, "गुर्जी, घ्यायचं न्हाई तर हात कशाला लावायलात?" गुरुजी मासे खायला लागले ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना अंगणातच अंघोळ करायला लावली.

लग्नाच्या पंगतीतही सुटका नव्हती. समुद्रातला मासा पाणी पितो आणि मीठ कल्ल्यातून बाहेर टाकतो, हे साडूंनी विचारल्यावर एका वाढप्यानं बरोबर सांगितलं. साडू सवयीनं म्हणाले, "बरोबर. बस खाली." तो वरणाची बादली घेऊन खरंच बसला. मी त्यांच्यापासून चार पानं लांब बसायचो. पण कान काही लांब ठेवता येत नाहीत.

त्यांचा खरा जीव निवटीवर. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलावर चालणारा मासा. दर वर्षी फळ्यावर काढली, प्रत्यक्षात एकदाही पाहिली नाही. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. साडूंनी मला फोन केला. "निवटी बघायची हाय. दिसायलंय तवर चला."

गेलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आक्कांच्या सूचना, सगळं घेऊन कोकणातल्या एका खाडीवर सकाळी पोचलो, तर पाणी काठोकाठ. चिखलाचा पत्ता नाही. तीस वर्षं भरती-ओहोटी शिकवलेल्या माणसानं निघताना फक्त रेल्वेचं वेळापत्रक बघितलं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण त्यांचं तोंड बघून आलं नाही. बांधावर बसून दशम्या खाल्ल्या आणि वाट बघितली.

दुपारी पाणी उतरलं. चिखल उघडा पडला आणि निवट्या बाहेर आल्या, एक नाही, पंधरा-वीस. साडू कपाळावर हात धरून खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कायतरी हलायलंय. पण समदं करडंच दिसायलंय. तुमी सांगा."

मी उठून उभा राहिलो. का, ते माहीत नाही. "डोळे डोक्यावर आहेत. पुढच्या परांवर सरकतेय. कल्ल्यात पाणी धरून ठेवलंय. कातडी ओली आहे, तिच्यातूनही श्वास घेतेय. आता एक बिळात शिरली." एवढं मला येतं, हे मलाच ठाऊक नव्हतं. सगळी वाक्यं त्यांचीच होती.

 साडूंची नजर चिखलावरच होती.

"बरोबर," ते म्हणाले. "बसा खाली."

मी त्यांच्या शेजारी बसलो. या खेपेला अगदी जवळ.