पाटीसारखा धुतलेला टॅब

पारनेरकडच्या आमच्या शाळेत पहिलीच्या बाई काहीही झालं तरी एवढंच म्हणतात, "व्हय का? बघू." चौघा पोरांत एक असे टॅब आले, तेव्हा मी शिकवतो त्या वर्गाचे टॅब मी कपाटात ठेवले. बाईंनी सरळ पोरांच्या हातात दिले.

सरस्वतीपूजनाला पाटीबरोबर टॅबलाही हळदकुंकू लागलं. पूजा आटोपल्यावर एका मुलीनं टॅब पाटीसारखाच नळाखाली धुतला. तो कायमचा बंद पडला. मी ओरडणार, तोच बाई म्हणाल्या, "व्हय का? बघू."

तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी सांगितलं, "माझ्या हातून भिजला." आणि टॅब वाटायचं काम त्याच मुलीला दिलं. आता ती हात कोरडे असल्याशिवाय कुणालाच टॅब देत नाही.

परवा मीच तिच्याकडे टॅब मागितला. म्हणालो, "हात कोरडे हायेत माझे."

ती म्हणाली, "व्हय का? बघू."