श्रीमंत ड्रायव्हरच्या शिंका

पाथर्डीच्या बाजूला एसटीनं जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाही विचारा, श्रीमंत ड्रायव्हर म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग चांगलं बोलतात. नाव श्रीमंत, पण खाकी शर्ट सोडला तर मिरवावं असं त्याच्याजवळ काही नाही. बावीस वर्षं गाडी चालवतोय. म्हातारं माणूस पायरी चढत असलं तर ते सीटवर टेकेपर्यंत गाडी हलवत नाही, आणि रस्त्यात कुणी हात केला की थांबतो, तिथं थांबा असो वा नसो. फक्त पोळा झाला की या भल्या माणसाला शिंका धरतात, त्या दिवाळीपर्यंत सोडत नाहीत. एक-दोन नव्हे, नऊ-दहा एका दमात. डोळे लाल, नाक वाहतंय, टाळूला खाज, आणि तोंडानं "काय न्हाई, काय न्हाई" चालूच.

आता शिंक ही काय खाजगी गोष्ट आहे का? कंडक्टर अजिनाथनं घंटी मारावी, श्रीमंतनं गिअर टाकावा आणि नेमकी शिंक यावी. मागून बायका ओरडायच्या, "आवो थांबा, शिंक झाली! घोटभर पानी प्या आन् मंग निघा." बिचारा पाणी प्यायचा. पुन्हा गिअर, पुन्हा शिंक. एकदा मुलगी बघायला निघालेलं एक घर अख्खंच्या अख्खं खाली उतरलं आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत बसलं. श्रीमंतला त्याचं फार वाईट वाटलं. दोन दिवस तो अजिनाथला विचारत होता, त्या लोकांचं जमलं का म्हणून.

हसण्यावारी नेत नेत वर्षं गेली. परवाच्या भादव्यात मात्र घाटातल्या वळणावर लागोपाठ सात शिंका आल्या. शिंकताना डोळे मिटतातच, त्याला ड्रायव्हर काय करणार? गाडीचं पुढचं चाक रस्ता सोडून मुरमात गेलं आणि तिथंच थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण गाडीत अठ्ठावीस माणसं होती, त्यात चार शाळेतल्या पोरी. त्या दिवशी श्रीमंतला जेवण गेलं नाही.

डेपोत ड्युट्या लावणारे भाऊसाहेब कडक होते, पण माणूस खोटा नव्हता. ते म्हणाले, "श्रीमंत, दसऱ्यापर्यंत बघतो. तवर जरा बी त्रास झाला तर चालवायचं न्हाई, दुसरा मानूस बोलवायचा. आन् दसऱ्यालाबी असंच राह्यलं तर स्टिअरिंग सोड. वर्कशॉपात काम देतो." श्रीमंतनं मान हलवली. वर्कशॉपातलं काम काही हलकं नाही, पगारही बुडणार नव्हता. पण स्टिअरिंग सोडून श्रीमंत कोण उरतो, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

डॉक्टरनं सांगितलं, ही सर्दी नव्हे, अ‍ॅलर्जी. गाजर गवत फुलतं ना या दिवसांत, त्याचे परागकण. एक गोळी दिली, ती घेतली की झोप येई, म्हणून गाडी चालवायची असेल तर घ्यायची नाही. दुसरा नाकात मारायचा फवारा दिला. त्यानं दुपार बरी जायची, पण पहाटे अंथरुणातच पुन्हा सुरू. श्रीमंतच्या बायकोनं, भागिरथीनं, कंबर कसली. फडकं तोंडाला बांधून घराभोवतीचं गाजर गवत मुळासकट उपटलं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं, वाफारा दिला. आजारी माणसाचं अंथरूण स्वच्छ हवं म्हणून त्याची गोधडी दर आठवड्याला ओढ्यावर नेऊन दणकून धुवायला लागली. ही गोधडी तिनं स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, टाका न् टाका हाताचा. एवढं करूनही शिंका वाढतच चालल्या.

गंमत अशी की एकाआड एक आठवडा श्रीमंतला मुक्कामी गाडी असायची. डोंगरावरच्या एका उघड्याबोडक्या गावात गाडी रात्री थांबायची आणि सकाळी निघायची. गावातल्या बनुबाईंच्या घरून भाकरी यायची, अजिनाथ देवळात झोपायचा आणि श्रीमंत गाडीतच काचा लावून डेपोतली चादर पांघरायचा. तिथं सकाळी शिंक म्हणून नाही! अजिनाथच्या हे ध्यानात आलं आणि त्याच्या जिभेला हाड कुठलं? चहाच्या टपरीवर तो बोलून गेला, "दादाला गवताची न्हाई, वहिनीची अ‍ॅलर्जी हाय."

झालं. ते गावभर फिरून भागिरथीच्या कानावर गेलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस ताटात भाकरी वाढून नुसती बाजूला बसून राहिली. श्रीमंतनं समजूत घालायला तोंड उघडलं की नेमकी शिंक यायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ह्या खेपंला मुक्कामाला मी येते संगं. मला बगायचंय, तितं काय येवडं सुख लागतंय तुमाला."

घट बसायला चार दिवस होते. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं कापड धुवायचं, हा आपल्याकडचा रिवाज. आदल्याच दिवशी तिनं सगळी धुणी उरकली होती. त्यातली श्रीमंतची गोधडी घडी करून पिशवीत घातली आणि गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसली. नवरा पातळ चादरीवर काकडतो, हे तिला माहीत होतं. ती बनुबाईंच्या घरी झोपली, श्रीमंत गोधडी घेऊन गाडीत.

उजाडलं आणि गाडीतून शिंका सुरू झाल्या. एक, दोन, पाच, अकरा. देवळाच्या पायरीवर दात घासणारा अजिनाथ हसत सुटला, "बगा! वहिनी आल्या, शिंका आल्या!" गाडीची वाट बघत उभी असलेली माणसंही हसली. बनुबाईंनी त्यांना दटावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. भागिरथीचा चेहरा पडला. नाक पुसत पारावर बसलेल्या श्रीमंतला ते दिसलं. असल्या शिंका वर्षभर आल्या तरी चालतील, पण हिला असं बघायला नको, असं त्याला वाटलं.

ती एकटीच गाडीत चढली. बराच वेळ खाली आली नाही. श्रीमंत काचेतून बघत होता. ती गोधडीची घडी घालत होती, मध्येच थांबली. पुन्हा उलगडली, टाक्यांवरून बोटं फिरवली, काहीतरी वेचू लागली. मग गोधडी तशीच टाकून मूठ मिटून खाली उतरली आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यापुढं येऊन तिनं मूठ उघडली. तळहातावर बारीक पांढरी वाळकी फुलं होती. गाजर गवताची.

"ओढ्याच्या काठाला गुडगाभर माजलंय," ती म्हणाली. "मी त्याच्यावरच वाळत घालीत हुते. मातीत नगं म्हनून. घराभवतालचं उपटलं आन् ओढ्यावरचं तुमच्या उशाला आनलं. दर आठवड्याला. मीच."

अजिनाथचं हसू कुठल्या कुठं गेलं. तिनं ती फुलं गाडीतल्या गाडीत झटकून टाकली असती, तर कुणाला काय कळणार होतं? सगळ्या लोकांच्या हसण्यात उभी राहून ती स्वतःचीच चूक हातावर घेऊन आली होती. पारावर बाजूला सरकून श्रीमंत एवढंच म्हणाला, "माजं अंथरून कुनी इतकं धुतलंय का आजवर? चल, बस."

त्रास होता म्हणून नियमाप्रमाणे त्यानं डेपोत फोन लावला, दुसरा ड्रायव्हर आला आणि गाडी दीड तास उशिरा सुटली. घरी पोचल्यावर सगळी पांघरुणं पुन्हा धुतली गेली आणि घरातल्या दोरीवर वाळली. घरातून वाकल्याशिवाय हिंडता येईना. शिंका साफ गेल्या असं नाही, फवारा चालूच आहे. पण पहाटेचा तो मारा थांबला आणि आठवडाभरात श्रीमंत पुन्हा गाडीवर बसला.

दसऱ्याला डेपोत गाड्यांची पूजा होती. श्रीमंत जोडीनं गेला. भाऊसाहेबांनी पेढा हातावर ठेवत विचारलं, "कोन डॉक्टर गाठला रं?"

"डॉक्टर न्हाई," श्रीमंत म्हणाला, "हिनं शोधून काढलं."

सगळे भागिरथीकडे बघायला लागले. भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, कसं काय सापडलं तुमाला?"

तिनं पदर सारखा केला. "चूक माजी हुती," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाला सापडली असती?"

अजिनाथ पुढं झाला आणि वाकून तिच्या पाया पडला.