थकीत यादीतलं चौथं नाव

सव्वीस वर्षांत ग्रंथपाल बाईंनी वाचनालयाचं एकही कार्ड फाडलं नव्हतं. सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी एक फाडलं, त्याचे बारीक तुकडे केले आणि ते टोपलीत न टाकता स्वतःच्या पर्समध्ये घातले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि त्यातली निम्मी स्वतःवरचीच होती.

त्याचं असं झालं. पुस्तक वेळेवर परत आलं नाही की पूर्वी बाई सभासदाला आठवणपत्र धाडायच्या. तेही बंद पाकिटात, डिंकाने चिकटवून. त्यांना हे काम शिकवणारे जुने ग्रंथपाल म्हणायचे, "माणूस काय वाचतो हे त्याच्या खिशातच राहू द्यावं. आपण शिंपी आहोत असं समजा. माप माहीत असतं, पण सांगायचं नसतं." बाईंनी ते चोवीस वर्षं पाळलं.

मग आला ग्रुप. मोबाइलवरचा, गावातल्या नऊशे माणसांचा. सकाळी फुलांची चित्रं, दुपारी हरवलेल्या चाव्या, संध्याकाळी भांडणं. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, पाकिटं कसली चिकटवताय? यादी टाका ग्रुपवर. लाजेकाजेने आणून देतील." बाईंनी टाकली. पहिल्याच आठवड्यात अकरा पुस्तकं परत आली, आणि यादीखाली चाळीस अंगठे! आयुष्यभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेल्या बाईला चाळीस माणसांनी एका दिवसात शाबासकी दिली, तर ती चढणारच. दर शनिवारी अकरा वाजता यादी टाकून बाई अंगठे मोजत बसू लागल्या. नाव, पुस्तक, किती दिवस उशीर. पुस्तकाचं नाव टाकायची गरजच नव्हती. पण त्याशिवाय यादी भरगच्च दिसत नव्हती ना!

गेल्या शनिवारी यादीत सात नावं होती. चौथं नाव समोरच्या शिवणवालीचं. पुढे पुस्तक: 'नवऱ्यापासून विभक्त होताना: कायदेशीर माहिती'. उशीर नऊ दिवस.

बाईंनी ते टाइप केलं आणि त्यांच्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही. पुस्तक म्हणजे पुस्तक, उशीर म्हणजे उशीर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे हात बाईंचा आणि अवलक्षण दुसरीच्या कपाळी. पाच मिनिटांत पहिला हसरा चेहरा आला. मग कुणीतरी लिहिलं, "गॅरेजवाले भाऊ, घरात लक्ष आहे ना?" मग हसऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली. गॅरेजवाला म्हणजे शिवणवालीचा नवरा, ग्रुपचा लाडका. रोज सकाळी सुविचार पाठवायचा. त्याने उत्तर दिलं, "बघतो संध्याकाळी." त्यालाही तीस अंगठे. बाई ते वाचून किंचित हसल्यासुद्धा होत्या, आणि हे त्या मरेपर्यंत विसरणार नव्हत्या.

सोमवारी वाचनालय उघडल्या उघडल्या शिवणवाली आली. डावा हात ओढणीत गुंडाळलेला, मनगट सुजलेलं. रडली नाही. खाली बघून म्हणाली, "बाई, मी ह्यांना म्हटलंय, पुस्तक मी आणलंच नाही, तुमची चूक झाली असेल. ते दुपारी येणारेत, तुमची नोंद बघायला."

"आणि पुस्तक?"

"मशीनच्या खणात आहे. गुरुवारी बहीण येतेय मला न्यायला. तेवढे तीन दिवस निघाले पाहिजेत, बाई. तो अर्जाचा नमुना उतरवून व्हायचाय अजून."

"हाताला औषध..."

"ते राहू द्या. नोंद बघा."

तर ते कार्ड बाईंनी फाडलं. नवीन कोरं कार्ड घेतलं, त्यावर पुस्तकाचं नाव घातलं आणि खाली सभासद क्रमांक एक. म्हणजे त्या स्वतः. तारखेच्या शिक्क्याची रबरी चाकं मागे फिरवली, महिन्याभरापूर्वीची तारीख लावली आणि ठोकला शिक्का. मग ग्रुपवर लिहिलं: "शनिवारच्या यादीत माझ्याकडून चूक झाली. चौथं पुस्तक माझ्या नावावर आहे. ग्रंथपाल."

बारा वाजता गॅरेजवाला आला. बाईंनी कार्डांचा ट्रे त्याच्यापुढे सरकवला. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"मग आमच्या हिचं नाव कसं आलं?"

"ओळ चुकली. चष्म्याचा नंबर वाढलाय."

"आणि तुम्हाला हो कशाला हवं हे पुस्तक?"

"वाचायला," बाई म्हणाल्या. "पुस्तकं लोक त्यासाठीच नेतात. तुम्ही कधी नेलं नाहीत, म्हणून माहीत नसेल."

तो फिदीफिदी हसत बाहेर पडला, आणि रस्ता ओलांडायच्या आत त्याचा मेसेज ग्रुपवर आला: "बाईंना या वयात कंटाळा आला वाटतं!" मग काय विचारता. नऊशे माणसांना आठवड्याचं खाद्य मिळालं. कुणी बाईंच्या नवऱ्याला धीर दिला, कुणी त्याच्यासाठी स्वयंपाकीण शोधली. ही तीच माणसं, ज्यांच्या पोरांचे शाळेचे प्रकल्प बाईंनी ग्रुपवर फुकट सोडवून दिले होते. बाई दातओठ खात पुस्तकांना कव्हरं घालत बसल्या.

घरी नवऱ्याने चहाचा कप पुढे ठेवला आणि घसा खाकरला. "मी काय म्हणतो, माझं काही चुकलं का गं?"

बाईंना खरं सांगून मोकळं व्हावंसं वाटलं. पण माप सांगायचं नसतं. "तुमचं काही नाही. माझं चुकलंय," त्या म्हणाल्या. "आणि पुढे विचारू नका." भल्या माणसाने विचारलं नाही, पण त्या आठवड्यात तो चहा दोनदा गोड करायचा विसरला.

गुरुवारी दहा वाजता समोर टेम्पो थांबला. बहिणीने कपड्यांची बोचकी चढवली, मग दोघींनी मिळून शिलाई मशीन चढवलं, खणासकट. बाई खिडकीशी उभ्या होत्या. पुस्तक परत येऊच नये, असं त्यांना नोकरीत पहिल्यांदाच वाटलं.

शनिवारी अकरा वाजता बाईंनी यादी टाकली. त्यात एकच नाव होतं, त्यांचं स्वतःचं. खाली लिहिलं: "यापुढे ग्रुपवर यादी येणार नाही. आठवणपत्रं बंद पाकिटात मिळतील." अध्यक्षांचा फोन आला. बाईंनी तो उचलला नाही.

सोमवारी दुपारी एक ओळखीची बाई आली. उगाच दोन कपाटं चाळली, मग टेबलाशी येऊन पुटपुटली, "ते तुमच्याकडचं पुस्तक... तुमचं झालं की मला मिळेल?" मंगळवारी दुसरी आली. बुधवारी तिसरी. त्या सात नावांच्या यादीखाली पहिला हसरा चेहरा टाकला होता, तो हिनेच.

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. जिभेवर आलेलं सगळं गिळलं. मग नव्या पुस्तकांच्या मागणीची वही ओढली आणि पुस्तकाच्या नावापुढे लिहिलं: चार प्रती.

"माझं नाव लिहिताय का हो?" तिने घाबरून विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "इथे आता कुणाचंच लिहीत नाही."