दीडशहाण्याचं जंतांचं औषध

माझा मामेभाऊ जंतांवर औषध शोधतो. आमच्या प्रयोगशाळेत (मीही तिथंच कामाला) त्याला पाठीमागे सगळे 'दीडशहाणा' म्हणतात. तोंडावर 'सर', कारण कोट इस्त्रीचा असतो. काम काय, तर उंदरांना जंतांची लागण करायची, निम्म्यांना औषध पाजायचं, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि ठरल्या दिवशी सगळ्यांची आतडी उघडून जंत मोजायचे. अक्कल लागते ती एवढीच, की सगळे एकाच दिवशी उघडायचे.

या बाबानं काय करावं? पाण्याचे उंदीर वेळेवर उघडले आणि बायकोला घेऊन सासुरवाडी गाठली. आठवडाभर जावयाचा पाहुणचार झोडून आला, मग औषधाचे उघडले. एकही जंत नाही! काय नाचला! अहो, या जातीचे जंत दोनेक आठवड्यांत उंदीर आपणहून बाहेर टाकतो. पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील. मीही सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "पुन्हा कर, दोन्ही गट एकाच दिवशी. जमलं तर औषध पुढच्या चाचण्यांना जाईल आणि तुझी नोकरी कायम." झालं, मामींचे मला फोनवर फोन: "तेवढं बघ हं गं त्याचं."

आणि स्वारी पुन्हा सासुरवाडीला! मेहुणीचं बाळ बघायला म्हणे. ठरला दिवस उलटून आठवड्यानं परत आल्यावर दोन्ही गट एकदम उघडले, मी शेजारीच उभी. औषधाच्या ट्रेत जंत नाहीत. पाण्याच्याही ट्रेत नाहीत. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"ताई, पाण्याचा ट्रे टाकून दे ना. घरचीच ना तू?"

"आणि त्या जागी मागच्या खेपेचे आकडे लावणार?"

"त्यात काय बिघडतं?"

डोकंच फिरलं माझं. उद्या कुणाची तरी आई पोट फुगलेल्या लेकराला हे पाजून निर्धास्त बसेल, आणि या निर्लज्जाला नोकरीची पडलीय! मी दोन्ही ट्रे उचलले आणि थेट मॅडमसमोर ठेवले. हा मागोमाग धावत.

मॅडमनी पाण्याचा ट्रे भिंग लावून बघितला. "हे पाणी पिऊन बरे झाले?"

"नाही मॅडम," हा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "ताईनं चुकून यांनाही औषध पाजलं असणार."

सख्ख्या मामाचा मुलगा हो!

मॅडमनी शांतपणे विचारलं, "औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

त्याचा हात आपसूक स्वतःच्या खिशाकडे गेला.