गॅस बंद केलास का?

आमचा स्यांगदोक टोंग्यंगच्या बंदरात मांदेली उकडायच्या बोटीवर होता. गुडघे गेले तेव्हा उतरला आणि घरी बसून कॉम्प्युटर शिकला. शिकला म्हणजे काय, मोडून मोडून शिकला. मग गल्लीतली सगळी त्याच्याकडेच यायला लागली.

आमच्याकडे कॉम्प्युटरवर बँकेचं काम करायचं तर बँक आधी पाच-सहा पहारेकरी प्रोग्राम आत घुसवते. काम होतं, पण ते काही जात नाहीत. कॉम्प्युटर म्हातारा होतो. काढायला गेलं की म्हणतो, निघणार नाही, वापरात आहे.

"जावई आहेत हे," स्यांगदोक म्हणायचा. "जेवण झालं तरी उठत नाहीत." आणि म्हणायचा, "ओढू नका रे. कुणी धरून ठेवलंय ते आधी बघा. त्याला सोडायला लावा, मग फाईल आपोआप जाते."

हे त्यानं बायकोलाही शिकवलं. मालसुन हसायची. "मला काय करायचंय?"

तिचं एक होतं, गॅसवर जवाचं पाणी ठेवायचं आणि विसरायचं. दोन पातेली जळली. तेव्हा त्यानं स्वतःचा आवाज भरून कॉम्प्युटरात ठेवला. सकाळी चालू केला की थोड्या थोड्या वेळानं तो ओरडायचा, "मालसुन! गॅस बंद केलास का?"

"बाजूला बसून यंत्राकडून काय वदवून घेता?" ती चिडायची.

"माझा घसा वाचतो."

थंडीत तो गेला. झोपेतच.

एकोणपन्नासावा दिवस जवळ आला. त्या दिवशी देवळात कपडे जाळतात, माणूस मोकळा होतो. मागं काही राहिलं तर त्याचा पाय निघत नाही, असं आमच्यात मानतात. म्हणून त्याची धाकटी बहीण बुन्नाम आदल्या दिवशी आवराआवर करायला आली. जाकीट, बूट, गळाची काठी, सगळं बांधलं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "मालसुन! गॅस बंद केलास का?"

बुन्नामच्या हातातलं गाठोडं पडलं.

"वहिनी, हे रोज लावतेस?"

"लावते."

"आणि मग दादा जाणार कसा गं?"

बुन्नामनं माऊस धरला, फाईल काढायला गेली. निघेना. वापरात आहे म्हणे. परत केलं, बंद करून चालू केला, परत तेच. बुन्नाम रडायलाच लागली. "सोड ना रे दादा. किती हट्टी आहेस!"

"त्यानं नाही धरलेलं," मालसुन म्हणाली. "सरक."

तिला येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. चालू प्रोग्रामांची यादी उघडली, तो आवाज लावणारा शोधला. त्यावर बोट ठेवून बसून राहिली.

"एकदा ऐकू?"

"ऐक."

दोघी थांबल्या. तो ओरडला. मालसुन उठली, आत जाऊन गॅस बघून आली. बंदच होता. मग तिनं तो प्रोग्राम थांबवला, आणि फाईल लगेच गेली. एवढीशी होती ती.

दुसऱ्या दिवशी देवळात जाकीट पेटलं तेव्हा मालसुन आगीजवळ गेली. भिक्षू मागं ओढत होते तरी गेली.

"अहो, गॅस बंद केलाय. जा आता. मागं बघू नका."

बुन्नाम तिला घरी सोडायला आली. जिन्यातच करपल्याचा वास. आत धूर, पातेलं काळं ठिक्कर, पाण्याचा थेंब नाही. सकाळच्या घाईत ठेवलेलं.

बुन्नामनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. "वहिनी, अगं घर पेटलं असतं!"

मालसुननं ऐकलंच नाही. ती चपला न काढता कोपऱ्यात गेली, कॉम्प्युटर चालू केला आणि समोर बसली. तो चालू झाला. पडदा उजळला. ती वाट बघत बसली.

"वहिनी, चल, तोंड धू," बुन्नाम म्हणाली.

"थांब जरा," मालसुन म्हणाली. "त्याला खोटं सांगून आले मी."